चेंडू खेळात नसताना

टेनिसचा सामना चार तास चालला, तर त्यातला जेमतेम पाव हिस्सा चेंडू खेळात असतो. बहुतेकदा तेवढाही नसतो. उरलेल्या वेळात खेळाडू चालतात, घाम पुसतात, तीन चेंडूंतले दोन निवडून तिसरा मागे टाकतात, रॅकेटच्या मुळातच सरळ असलेल्या तारा बोटांनी पुन्हा सरळ करतात. दोन गुणांच्या मध्ये २५ सेकंद, बाजू बदलताना ९० सेकंद, सेट संपला की १२०, असं नियमातच लिहून ठेवलेलं आहे. प्रेक्षक तेवढ्यात सामोसा आणायला जातो, टीव्हीवाले जाहिराती उरकून घेतात. टेनिसवर लिहून पोट भरणाऱ्या माणसाची नोकरी मात्र त्या रिकाम्या वेळातच चालते.

कारण फटका सगळ्यांना दिसतो. तो कसा होता हे वाचकाला दुसऱ्या दिवशी सकाळी सांगण्यात फारसा अर्थ नाही. सांगण्यासारखं असतं ते फटका चुकल्यानंतरचं. नदाल पाण्याच्या बाटल्या पुन्हा होत्या तशाच ओळीत लावायचा. शारापोव्हा सर्व्हिसच्या आधी जाळ्याकडे पाठ करून उभी राहायची आणि त्या पाठीकडे बघत समोरची मुलगी ताटकळायची. बोर्ग जिंकतोय की हरतोय ते त्याच्या चेहऱ्यावरून कळायचं नाही, आणि न कळणं हीच बातमी असायची. मला हे कुणी शिकवलं नाही. सामने स्वतःच्या डोळ्यांनी पाहायला मिळत नसत, त्यामुळे मधल्या वेळाची भूक लागली, एवढंच.

मी राहतो शनिवार पेठेत, मेहुणपुऱ्याच्या बाजूला. पेठेत टेनिसचं कोर्ट कुठून असणार? इथे एका वाड्याची भिंत दुसऱ्या वाड्याला टेकलेली, मोकळी जागा म्हणजे बोळ, आणि बोळात क्रिकेट. टेनिसशी आमचं पहिलं नातं टेनिस बॉलचं, तेही क्रिकेटसाठी. हा मऊ, केसाळ चेंडू मुळात दुसऱ्याच कुठल्या खेळासाठी बनवलेला आहे, हे मला बरंच उशिरा समजलं. तो दुसरा खेळ नदीपलीकडे चालायचा. ओंकारेश्वरापाशी पूल ओलांडायचा, बालगंधर्वावरून जंगली महाराज रस्ता धरायचा आणि डेक्कनला पोचायचं. चालत वीस-पंचवीस मिनिटांचं अंतर, पण त्या काळी पेठेतल्या मुलाला ते फार लांब वाटायचं. डेक्कन जिमखाना १९०६ चा. सर दोराबजी टाटा त्याचे अध्यक्ष होते, आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारताचे खेळाडू पाठवण्याची खटपट तिथूनच सुरू झाली. हे सगळं नंतर वाचलेलं. तेव्हा दिसायचे ते कुंपणाच्या जाळीतून पांढरे कपडे. आमच्या घरात पांढरे कपडे म्हणजे वडिलांचा लेंगा.

पेठेत दुसरी एक गोष्ट मात्र भरपूर होती, ती म्हणजे वर्तमानपत्रं. शेजारच्या नारायण पेठेत केसरीवाडा, बुधवारात सकाळचं कार्यालय, गल्लोगल्ली छापखाने. पहाटे अंकांचे गठ्ठे सुटायचे तो आवाज ऐकत आम्ही वाढलो. त्यामुळे एखाद्या खेळाच्या प्रेमात पडून मी पत्रकार झालो असं म्हणता येणार नाही. पत्रकार व्हायचं आधी ठरलं. टेनिस वाट्याला आलं, कारण डेस्कवर क्रिकेट ज्येष्ठांकडे होतं, कबड्डी-खो-खो मैदानात वाढलेल्यांकडे, आणि उरलेलं नव्या माणसाकडे. "टेनिस तू बघ," असं सांगणाऱ्या वरिष्ठांच्या आवाजात फाइल सरकवण्याइतकाच उत्साह होता.

त्या काळी मराठी वर्तमानपत्रातली विम्बल्डनची बातमी कुठून यायची हे वाचकाला माहीत नसायचं, आणि माहीत करून देण्याची आमचीही घाई नसायची. वर छापलेलं असे 'लंडन, वृत्तसंस्था', आणि लिहिलेली असे पुण्यात, ट्यूबलाइटखाली, गार झालेल्या चहाशेजारी. टेलिप्रिंटर कडकडत कागद ओकायचा. त्यातून आकडे मिळायचे, दोन-चार अवतरणं मिळायची, कधी हवामान. मानांकन, सेटचा हिशेब, कुणी कुणाची सर्व्हिस किती वेळा भेदली, बिनतोड सर्व्हिस किती, एवढ्या ऐवजावर दहा इंच उभे करायचे. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर अंतिम सामना दिसायला लागला आणि आमची पंचाईत झाली. आता वाचकाने तेच पाहिलेलं, जे मी पाहिलेलं. मग आकड्यांनी भागेना. तेव्हापासून मी चेंडू खेळात नसतानाच्या नोंदी करायला लागलो. कोण खुर्चीत बसल्यावर टॉवेल डोक्यावर घेतं, कोण पंचांशी बोलतं, कोण कुणाकडेच बघत नाही.

घड्याळ हा या धंद्यातला खरा प्रतिस्पर्धी. उन्हाळ्यात लंडन आपल्या साडेचार तास मागे. मेलबर्न साडेपाच तास पुढे, म्हणून ऑस्ट्रेलियन ओपन हे आमच्यासाठी सुखाचं माहेर, सामना संपून वर चहा घेता येतो. न्यूयॉर्कचं रात्रीचं सत्र सुरू होतं तेव्हा पुण्यात पहाट असते आणि अंक वाटला जात असतो, त्याबद्दल बोलायलाच नको. विम्बल्डन मात्र नेमकं अंक जायच्या वेळेवर येऊन बसतं. डाक आवृत्ती आधी जाते, कारण गाडीला रात्रभर पुढे जायचं असतं. शहर आवृत्ती सर्वांत शेवटी. त्यामुळे एकाच सामन्याच्या दोन-तीन बातम्या एकाच रात्री लिहायच्या. बार्शीच्या वाचकासाठी सामना दुसऱ्या सेटमध्ये थांबलेला, पुण्याच्या वाचकासाठी चौथ्या.

६ जुलै २००८ ची रात्र टेनिसच्या डेस्कवर काम केलेला कुणीही विसरणार नाही. नदालने पहिले दोन सेट घेतले, दोन्ही ६-४. मी मथळा लावून ठेवला. पाऊस. फेडररने तिसरा सेट टायब्रेकवर घेतला. चौथ्याच्या टायब्रेकमध्ये नदालच्या हातात विजेतेपदाचे गुण आले आणि फेडररने ते वाचवले. मथळा दुसरा लावला. पाचव्या सेटमध्ये २-२ वर पुन्हा पाऊस. तोवर डाक आवृत्ती कधीच निघून गेली होती, आणि तिच्यात छापलं होतं ते प्रत्येक मराठी वर्तमानपत्राचं ठरलेलं वाक्य, की अंक छपाईला जाईपर्यंत सामना सुरू होता. लंडनमध्ये रात्रीचे ९ वाजून १६ मिनिटं झाली असताना, अंधार इतका की चेंडू दिसणं कठीण, नदालने पाचवा सेट ९-७ असा जिंकला. खेळाचा वेळ ४ तास ४८ मिनिटं. पुण्यात पावणेदोन वाजले होते. छपाई थोडी अडवून धरली होती म्हणून शेवटच्या गठ्ठ्यांत निकाल गेला. शेवटचे गठ्ठे नेहमी जवळच्या भागात वाटले जातात. म्हणजे कोथरूडच्या लोकांनी सकाळी अर्धा सामना वाचला आणि शनिवार-नारायणच्या लोकांनी पूर्ण. पेठेत राहण्याचे जे थोडे फायदे उरलेत त्यातला हा एक.

सकाळी जिन्यात शेजारचे अण्णा भेटले. हातात अंक. वाटलं, निकाल गाठला म्हणून शाबासकी देतील. ते म्हणाले, "निकाल मी रात्री टीव्हीवर बघितला हो. मला सांगा, दुसऱ्यांदा पाऊस आला तेव्हा ते दोघे आत गेले ना? आत काय करत होते?" वर्तमानपत्राच्या ऑफिसात मला इतका नेमका प्रश्न कुणी विचारला नव्हता. वृत्तसंस्थेच्या मजकुरात त्याचं थोडं उत्तर होतं, मी ते जागेअभावी कापलं होतं. दुसऱ्या दिवशी तेवढंच वेगळं करून छापलं. त्यावर जितके फोन आले तितके सामन्याच्या बातमीवर आले नाहीत.

दोन वर्षांनी इस्नर आणि माहू यांनी पहिल्या फेरीचा सामना तीन दिवस चालवला. ११ तास ५ मिनिटं, पाचवा सेट ७०-६८. तिथला गुणफलक ४७-४७ ला बंदच पडला, त्याच्या आज्ञावलीत त्यापुढची सोय नव्हती. आमच्या वृत्तसंपादकांनी दुसऱ्या रात्री विचारलं, "हे अजून खेळतायत?" हो म्हटल्यावर त्यांनी मान हलवली आणि पावसाच्या बातमीकडे वळले.

पण टेनिसच्या पत्रकाराचं आयुष्य विम्बल्डनवर चालत नाही. वर्षातले दोन आठवडे ते, बाकीचे पन्नास आठवडे चौदा वर्षांखालील मुलींची उपांत्यपूर्व फेरी. पुण्यात वर्षभर कुठे ना कुठे स्पर्धा सुरूच असते. डेक्कन, पीवायसी, बालेवाडी, एखाद्या सोसायटीची दोन कोर्टं. उन्हात प्लास्टिकच्या खुर्च्या, थर्मास, आणि जाळीला नाक लावून उभे असलेले पालक. खेळणाऱ्या मुलांपेक्षा यांच्याकडे बघणं जास्त शिकवतं. मुलगा गुण हरला की वडील एक पाऊल मागे जातात. आई जागची हलत नाही. गुणांच्या मध्ये मूल ज्या दिशेला बघतं तिथे कोण उभं आहे, ते आधी शोधायचं. मग सामना कळतो.

संध्याकाळी निकालांचा कागद यायचा, आधी हाताने लिहिलेला, मग फॅक्स, मग ईमेल. तो वर्तमानपत्रात जायचा तो बारीक टायपात, 'अमुक वि. वि. तमुक', म्हणजे विजयी विरुद्ध, पुढे गुण. वाचकांपैकी हजारात एक तो वाचत असेल. पण जो वाचतो तो कात्री घेऊन वाचतो. नावातली वेलांटी चुकली तर फोन येतो. गुण चुकले तर घरी माणूस येतो. एकदा एक गृहस्थ मुलीच्या पराभवाचा निकाल छापू नका म्हणून सांगायला आले. फार सौम्य, फार सभ्य. मुलगी बाहेर स्कूटरवर बसली होती. मी त्यांना पाणी दिलं आणि निकाल छापला, कारण समोरच्या मुलीच्या घरीही कात्री असणार होती.

या बारीक टायपातून कधीतरी एखादं नाव मोठ्या टायपात जातं. अंकिता रैना अहमदाबादची, पण घडली पुण्यात, हेमंत बेंद्रे यांच्याकडे. ऋतुजा भोसले आम्ही छापत आलो ती वयोगटाच्या निकालांत, आणि ३० सप्टेंबर २०२३ ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीत पहिला सेट गमावून तिने सुवर्ण जिंकलं. अशा दिवशी डेस्कवरचे तरुण तिचे जुने निकाल शोधायला लागतात. ते सापडतात, कारण कुणीतरी ते छापलेले असतात. पण खरं सांगायचं तर अशा उदाहरणांनी या कामाचं समर्थन करावं असं मला वाटत नाही. बारीक टायपातली बहुतेक नावं बारीक टायपातच राहिली. त्यांतले काही आज डॉक्टर आहेत, काही अमेरिकेत आहेत, एक माझ्या बँकेत आहे. त्यांचाही निकाल निकालच होता.

मराठीत खेळावर लिहिणाऱ्या आमच्या पिढीला वि. वि. करमरकर हे नाव टाळून पुढे जाता येत नाही. (निकालाच्या प्रत्येक ओळीत त्यांची आद्याक्षरं छापली जातात, हा योगायोग त्यांनीही गमतीने घेतला असणार.) १९६२ मध्ये महाराष्ट्र टाइम्स निघाला, आणि मराठी दैनिकात खेळाला स्वतःचं पान आणि स्वतःची प्रतिष्ठा मिळवून दिली ती करमरकरांनी. त्याआधी खेळाची बातमी म्हणजे उरलेल्या जागेची भरती. मार्च २०२३ मध्ये ते गेले. त्यांनी देशी खेळांना जो मान दिला त्याबद्दल आदर आहेच, पण टेनिसवाल्याची त्यात थोडी अडचण झाली, हेही म्हणायला हवं. कबड्डी आपली, क्रिकेट आपलं करून घेतलेलं, आणि टेनिस कुणाचं? बंगालकडे साउथ क्लब होता. मद्रासकडे कृष्णन पितापुत्र, अमृतराज बंधू आणि 'द हिंदू'त वर्षानुवर्षं विम्बल्डनहून लिहिणारे निर्मल शेखर. आमच्याकडे काय? टेनिसने महाराष्ट्राला दिलेला सर्वांत मोठा खेळाडू बॅडमिंटनचा आहे. सांगलीचे नंदू नाटेकर आधी टेनिस खेळत, राष्ट्रीय कुमार स्पर्धेत रामनाथन कृष्णनकडून हरले, आणि रॅकेट बदलली. पुढे त्यांचा मुलगा गौरव मात्र टेनिसकडेच परत आला. आणखी मागे जायचं तर पंडिता क्षमा राव. पुण्यात जन्मलेल्या, संस्कृतात 'सत्याग्रहगीता' लिहिणाऱ्या, आणि टेनिस खेळणाऱ्या. त्यांची मुलगी लीला राव १९३४ मध्ये विम्बल्डनच्या एकेरीत सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री. संस्कृत काव्य आणि परतीचा फटका एका घरात नांदत होते, आणि मराठी माणसाला यातलं फारसं काही माहीत नाही. याला मी आमच्या धंद्याची कसूर म्हणतो.

बाहेरच्या देशांत टेनिसच्या पत्रकाराला केवढं वजन होतं ते वाचून हेवा वाटायचा. संगणकाची क्रमवारी ऑगस्ट १९७३ मध्ये सुरू झाली. त्याआधी जगात पहिला कोण, दुसरा कोण, हे सांगायचे लान्स टिंगे, लंडनच्या डेली टेलिग्राफचे वार्ताहर, वर्षातून एकदा यादी करून. इटलीचे जान्नी क्लेरिची १९५३ मध्ये स्वतः विम्बल्डन खेळले आणि मग पन्नास वर्षं त्यावर लिहीत राहिले. अमेरिकेच्या बड कॉलिन्स यांच्या रंगीबेरंगी पँटी खेळाडूंपेक्षा जास्त ओळखल्या जात. अमेरिकन ओपनच्या माध्यम केंद्राला आज त्यांचं नाव आहे. मी बालेवाडीला जातो तो गडद पँट घालून, कारण खुर्च्यांवर धूळ असते.

बालेवाडीला पाच वेळा मोठी स्पर्धा झाली. चेन्नईची एटीपी स्पर्धा २०१८ मध्ये पुण्यात आली, २०२३ नंतर गेली, मध्ये २०२१ चं वर्ष साथीने खाल्लं. २०१९ चा अंतिम सामना अँडरसन आणि कार्लोविच यांचा. एक सहा फूट आठ इंच, दुसरा सहा फूट अकरा आणि चाळिशीला टेकलेला. तिन्ही सेट टायब्रेकमध्ये गेले. चेंडू खेळात असण्याचा वेळ त्या दिवशी आणखीच कमी असावा, कारण सर्व्हिस व्हायची आणि चेंडू मागच्या पडद्यावर आपटायचा. शेजारचे लोक कंटाळले. मला तो सामना फार आवडला. कार्लोविच प्रत्येक गुणानंतर ज्या संथपणे चालत होता, तसं चालणं पेठेत फक्त निवृत्त माणसांना जमतं.

पण पुण्याच्या टेनिसबद्दल मला कुणी एकच गोष्ट विचारली, तर मी १९७४ सांगेन. त्या वर्षी मे महिन्यात कलकत्त्यात भारताने ऑस्ट्रेलियाला डेव्हिस कपमध्ये ३-२ असं हरवलं. टायब्रेक तेव्हा डेव्हिस कपमध्ये नव्हता. पाच सामन्यांत मिळून ३२७ गेम झाले. नुसत्या दुहेरीत अमृतराज भावांनी अलेक्झांडर आणि डिब्ली यांच्याशी ९९ गेम खेळले. १७-१५, ६-८, ६-३, १६-१८, ६-४. सप्टेंबरमध्ये उपांत्य लढत सोव्हिएत संघाशी झाली, ती पुण्यात, हिरवळीवर. त्यांच्याकडे मेट्रेवेली, आदल्या वर्षीचा विम्बल्डनचा उपविजेता. भारत ३-१ ने जिंकला. मी रमणबागेत शिकत होतो. तिकीट काढून खेळ बघायची आमच्याकडे रीत नव्हती, त्यामुळे माझ्याच गावातली ती लढत मी दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात वाचली. टेनिस माझ्याकडे पहिल्यांदा आलं ते छापलेलं.

भारत डेव्हिस कपच्या अंतिम फेरीत होता. समोर दक्षिण आफ्रिका, वर्णभेदाची राजवट. भारत सरकारने खेळायला नकार दिला. निर्णय बरोबर होता, याबद्दल मला तेव्हा मत नव्हतं आणि आज शंका नाही. पण त्याची किंमत कोणी दिली हेही लिहायला हवं. विजय अमृतराज तेव्हा वीस वर्षांचा होता, १९७३ मध्ये विम्बल्डन आणि अमेरिकन ओपन दोन्हीकडे उपांत्यपूर्व फेरी गाठलेला. तसा संघ, तशी संधी भारताला पुन्हा मिळाली नाही. १९८७ मध्ये अंतिम फेरी आली तेव्हा स्वीडनने ५-० ने हरवलं.

त्यानंतर पुण्यात डेव्हिस कप आला तो थेट फेब्रुवारी २०१७ मध्ये, न्यूझीलंडविरुद्ध, बालेवाडीला. भारताचा न खेळणारा कर्णधार होता आनंद अमृतराज, १९७४ च्या त्याच संघातला. एरवी टेनिसमध्ये खेळाडू एकटा असायचा; डेव्हिस कपमध्ये कर्णधाराला कोर्टाच्या कडेला खुर्ची मिळते आणि बाजू बदलताना तो बोलू शकतो. शनिवारी दुहेरी होती. लिअँडर पेस जिंकला असता तर डेव्हिस कपमधला त्याचा दुहेरीतला ४३ वा विजय ठरला असता, विश्वविक्रम. सगळे कॅमेरे पेसवर. तो आणि विष्णू वर्धन ती लढत हरले, विक्रम पुढच्या वर्षी चीनमध्ये झाला. मी बाजू बदलण्याच्या वेळात कर्णधाराच्या खुर्चीकडे बघत होतो.

माझ्या शेजारी एक नवा वार्ताहर लॅपटॉपवर खटपट करत होता.

"सर, चौऱ्याहत्तरच्या फायनलचा स्कोअर मिळत नाहीये कुठे."

"नाहीच तो."

"म्हणजे?"

"पुढे चाल. दक्षिण आफ्रिका जिंकलं. भारत खेळायला गेला नाही."

त्याने मान वर करून कोर्टाकडे पाहिलं, मग खुर्चीत बसलेल्या कर्णधाराकडे. "हे होते त्या टीममध्ये?"

"होते."

"डेस्कने चौकट मागितलीय. दीडशे शब्द. मॅच झालीच नाही तर दीडशे शब्द लिहू काय?"

"दीडशे कमी पडतील. कलकत्त्यापासून सुरू कर, त्या ९९ गेमच्या दुहेरीपासून. मग पुणे. फायनलला शेवटचं एक वाक्य ठेव."